घोड्याची दुसरी शाळा

1984 साली लॉस एंजेलिसला ऑलिम्पिक भरलं, तेव्हा घोडेस्वारीच्या बहुतेक स्पर्धा शहराजवळच्या सांता अनिता रेसकोर्सवर झाल्या. तिथे शो जम्पिंगमध्ये, म्हणजे उड्यांच्या स्पर्धेत, अमेरिकेच्या जो फार्गिसने वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन सुवर्णपदकं मिळवली. त्याच्या घोडीचं नाव टच ऑफ क्लास. सगळ्या फेऱ्या मिळून तिच्यापुढे 91 अडथळे आले, त्यांतला एकच पडला. ऑलिम्पिकमध्ये दोन फेऱ्या निर्दोष पार करणारी ती पहिलीच. ही घोडी मुळात रेसची. तेव्हा तिचं नाव स्टिलअस्पिल होतं. सहा शर्यती धावून तिच्या पदरात काही पडलं नाही आणि तिला ट्रॅकवरून काढून टाकण्यात आलं. रेसच्या हिशेबात टाकाऊ ठरलेली घोडी पुढे एका रेसकोर्सवरच ऑलिम्पिक विजेती झाली.

असं यश लाखात एकाच्या वाट्याला येतं, हे खरं. पण त्यामागची गोष्ट लाखाला लागू आहे. रेसचा घोडा साधारण दोन-तीन वर्षांचा असताना पहिल्यांदा धावतो आणि बहुतेकदा सात-आठ वर्षांचा होण्याआधी निवृत्त होतो. पाय दुखावतो, वेग मंदावतो, किंवा मुळात तो पुरेसा वेगवान नसतोच. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस वर्षं आरामात जगतो. म्हणजे धावण्याचा धंदा संपतो तेव्हा त्याचं दोन तृतीयांश आयुष्य अजून शिल्लक असतं. निवडक नर आणि बऱ्याच माद्या पैदाशीसाठी स्टड फार्मवर जातात. उरलेल्यांचं काय, हा प्रश्न रेसिंगच्या धंद्याने फार वर्षं बाजूला ठेवला.

तो ऐरणीवर आला फर्डिनंडमुळे. 1986 ची केंटकी डर्बी जिंकलेला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत सर्वोत्तम ठरलेला हा घोडा पैदाशीसाठी जपानला गेला. तिथे त्याला मागणी उरली नाही आणि 2002 साली तो कत्तलखान्यात संपला. डर्बी जिंकलेल्या घोड्याची ही गत, तर न जिंकलेल्यांची काय होत असेल, हे कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. ब्रिटनमध्ये त्याआधीच, 2000 साली, ‘रिट्रेनिंग ऑफ रेसहॉर्सेस’ ही संस्था रेसिंग उद्योगानेच उभी केली होती. अमेरिकेत 2010 साली स्टुअर्ट पिटमन या घोडेस्वाराने ‘रिटायर्ड रेसहॉर्स प्रोजेक्ट’ सुरू केला. या दोन्ही संस्थांची विचाराची दिशा मला महत्त्वाची वाटते. निवृत्त घोडा दयेवर पोसण्याऐवजी त्याला नवं काम शिकवा, म्हणजे त्याला किंमत येईल, आणि किंमत असलेल्या जनावराची आबाळ सहसा होत नाही.

आता हे शिकवणं म्हणजे नेमकं काय? ‘रेसचा घोडा म्हणजे डोक्यात वारं भरलेला, बेभरवशाचा’ असं रायडिंग क्लबांतून सर्रास ऐकू येतं. ते चूक आहे. रेसचा घोडा उत्तम शिकलेला असतो, फक्त त्याचा अभ्यासक्रम वेगळा असतो. ट्रकमधून प्रवास, गर्दी, लाउडस्पीकर, नालबंद, डॉक्टर, अंघोळ, खरारा हे सगळं त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. शेतावर मोकळ्या वाढलेल्या चार वर्षांच्या घोड्याला यातलं अर्धंही माहीत नसतं. अडचण येते ती स्वार पाठीवर बसतो तेव्हा.

रेसच्या घोड्यावर जॉकी कसा बसतो ते पाहा. सईस घोडा धरून चालवत असतो, दुसरा कुणी जॉकीची वाकवलेली पोटरी हातात घेऊन त्याला वर उचलतो आणि जॉकी अलगद पाठीवर येतो. बरेचदा घोडा तोवर थांबतसुद्धा नाही. आता हाच घोडा क्लबात आला. स्वार लाकडी पायरीवर चढला, डावा पाय रिकिबीत घातला आणि सगळा भार एका बाजूला टाकून वर चढू लागला. घोड्याच्या दृष्टीने हा प्रकार अगदी नवा आहे. पाठीवर कुणी आलं की चालू लागायचं, एवढंच त्याला ठाऊक. म्हणून तो चालू लागतो. स्वार अर्धा हवेत, त्याच्या बुटाचा चवडा घोड्याच्या बरगडीत रुतलेला. मग घोडा घाबरून पुढे उसळतो आणि लोक म्हणतात, घोडा वाईट आहे. जाणकार प्रशिक्षक या एका गोष्टीसाठी काही दिवस देतो. घोड्याला पायरीजवळ न्यायचं, उभं करायचं, मानेवरून हात फिरवायचा आणि परत न्यायचं. पुढे खोगिरावर पोटावर पडून थोडा भार द्यायचा आणि उतरायचं. मांड टाकल्यावरही लगेच निघायचं नाही, मिनिटभर नुसतं उभं राहायचं.

त्याहून गोंधळाचा मामला लगामाचा. सकाळच्या सरावात आणि शर्यतीत जॉकी लगाम आखूड धरतो, दोन्ही दोऱ्या मानेवर एकमेकींवर ठेवतो आणि घोडा तोंडातल्या कडीवर रेलून पळतो. या ताणावर त्याचा तोल असतो. नवा स्वार घोडा जोरात निघाला म्हणून घाबरून लगाम खेचतो, आणि घोडा समजतो की आता आणखी पळायचं. जितकं खेचावं तितका तो वेग वाढवतो. सैल हात, खोल श्वास, मोठ्या वर्तुळात वळवणं आणि खोगिरात शांत बसणं यानेच हा घोडा थांबतो. भ्यायलेल्या माणसाला नेमकं तेच जमत नाही. म्हणून नुकताच ट्रॅकवरून आलेला घोडा नवशिक्याच्या हाती देणं मला दोघांवरही अन्याय वाटतो.

पायांचंही तसंच. जॉकीची रिकीब इतकी आखूड असते की त्याचे पाय घोड्याच्या खांद्याच्या वर असतात. पोटाला पोटरी लागणं हा अनुभव घोड्याला नसतो. ड्रेसाजमध्ये, म्हणजे स्वाराच्या इशाऱ्यांवर शिस्तीत चाली करण्याच्या प्रकारात, तर सगळा संवाद पोटरीने आणि बैठकीने चालतो: ही पोटरी लागली तर बाजूला सरक, दोन्ही लागल्या तर पुढे चल, बैठक जड झाली तर थांब. हे सगळं पहिलीपासून शिकवावं लागतं. शिवाय मुंबई-पुण्याच्या ट्रॅकवर घोडे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावतात, अमेरिकेत उलट दिशेने. ज्या हाताला आयुष्यभर वळला, त्या बाजूला घोडा लवचिक आणि दुसऱ्या बाजूला ताठ असतो. मग नावडत्या हाताकडे गोल फिरवण्यात महिनेच्या महिने जातात.

हे मनाचं झालं. शरीराचा हिशेब त्याआधी करावा लागतो आणि उतावळे लोक चुकतात ते तिथेच. रेसचा घोडा दिवसाचे बावीस-तेवीस तास पागेत बांधलेला असतो. पहाटे तासभर काम, मग खरारा आणि भरपूर चंदी. घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास पाझरत असतं, कारण निसर्गाने त्याला दिवसभर थोडं थोडं चरणारं जनावर बनवलं आहे. वैरण कमी, दाणा जास्त आणि वर ताण, यामुळे रेसच्या बहुसंख्य घोड्यांच्या पोटात व्रण झालेले आढळतात. तंग आवळताना घोडा चावायला धावतो, दाणा अर्धवट टाकतो, कातडी निस्तेज दिसते. हा स्वभावदोष नसून पोटदुखी असू शकते. ट्रॅकवरून आलेल्या घोड्याला आधी काही महिने सुट्टी द्यावी लागते. दाणा हळूहळू कमी, गवत भरपूर, मोकळं कुरण, सोबतीला दुसरा घोडा. सोबत फार महत्त्वाची. रेसचा घोडा नेहमी कळपाने कामाला जातो, एकटं राहणं त्याला ठाऊक नसतं.

मग पाय. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. असतात ती हाडं, स्नायुबंध आणि लांब शिरांसारखे कंडरे. पुढच्या पायाच्या मागच्या बाजूचा कंडरा भरधाव धावताना सहन होण्याच्या टोकापर्यंत ताणला जातो. तो फाटला की नळीच्या मागे धनुष्यासारखा फुगवटा दिसतो. बरा व्हायला नऊ महिने ते वर्ष लागतं, आणि भरून आलेला भाग पहिल्याइतका लवचिक कधीच होत नाही. असा घोडा हलक्या ड्रेसाजला किंवा साध्या रपेटीला उत्तम ठरेल, पण त्याला मोठ्या उड्यांना लावणं क्रूरपणाचं आहे. रेसला लावलेले अ‍ॅल्युमिनियमचे हलके नाल काढावे लागतात. खुरांचा पुढचा भाग लांब आणि टाच दबलेली असते, ती नालबंदाने हळूहळू सुधारायची. पाठीचे स्नायूही नव्याने घडवावे लागतात, कारण पन्नास-पंचावन्न किलोच्या जॉकीने पाठीवरून उठून धावणं वेगळं आणि सत्तर किलोच्या माणसाने खोगिरात बसून तास काढणं वेगळं. स्नायू भरले की पाठीचा आकार बदलतो आणि सहा महिन्यांपूर्वी नीट बसणारं खोगीर रुतू लागतं.

इतकं सगळं करून हा घोडा कुठे चमकतो? माझ्या मते इव्हेंटिंगमध्ये. या खेळाचे तीन भाग: ड्रेसाज, क्रॉस-कंट्री (म्हणजे मोकळ्या रानातली अडथळ्यांवरची धाव) आणि शो जम्पिंग, तिन्ही एकाच घोड्याने, एकाच स्वाराने करायचे. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आला तेव्हा तो लष्करी अधिकाऱ्यांच्या घोड्यांची कसोटी होता: परेडवर शिस्तीत चालतो का, रानातून निरोप घेऊन भरधाव जातो का, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला उभा राहतो का. दमसासाच्या दिवशी लांब रस्ते, रेससारखी अडथळ्यांची धाव आणि मग क्रॉस-कंट्री असं मिळून वीस किलोमीटरहून अधिक अंतर कापावं लागे. त्या काळात थरोब्रेडला, म्हणजे रेसच्या घोड्यांच्या जातीला, तोड नव्हती. अठराव्या शतकापासून इंग्लंडात बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांच्या वंशातून केवळ वेग आणि दम यांसाठी घडवलेली ही जात. मोठं हृदय, आणि गरज पडली की रक्तात जास्तीच्या तांबड्या पेशी सोडणारी प्लीहा, हे तिचं भांडवल.

2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकपासून लांब रस्ते आणि ती अडथळ्यांची धाव रद्द झाली. ड्रेसाजचं वजन वाढलं आणि जर्मनी-हॉलंडकडचे वॉर्मब्लड घोडे पुढे आले. त्यांची दुडकी डौलदार असते, परीक्षकांना ती आवडते. तरीही सर्वोच्च पातळीच्या क्रॉस-कंट्रीत घोड्याला मिनिटाला 570 मीटर या वेगाने दहा-अकरा मिनिटं चढ-उतारावर पळत चाळीसच्या आसपास उड्या माराव्या लागतात. हा वेग ताशी 34 किलोमीटर होतो. ताशी साठच्या आसपास धावलेल्या रेसच्या घोड्याला तो जड जात नाही. शेवटच्या दोन मिनिटांत इतर घोडे धापा टाकत असताना हा कान टवकारून पुढचा अडथळा शोधत असतो.

पण वेग ही त्याची शक्ती, तशीच अडचणही. सवयीने तो अडथळ्याकडे झेपावतो, लांब आणि सपाट उडी मारतो. शो जम्पिंगमध्ये काठी पडते, चार गुण जातात. क्रॉस-कंट्रीचे ओंडके पडत नाहीत. तिथे घोडा पडतो, स्वारासकट. म्हणून पहिला धडा जमिनीवर ठेवलेल्या काठ्यांचा. दुडकीत जाताना प्रत्येक पावलाखाली एक काठी यावी अशा बेताने त्या मांडतात. ट्रॅकवर पायांखाली पाहायची गरज कधी पडलेली नसते. पहिल्या दिवशी घोडा काठ्या तुडवतो, अडखळतो, क्वचित सगळ्या एकदम ओलांडायला झेपावतो. हळूहळू तो मान खाली घालून पाहू लागतो, पाठ वर उचलतो, पाय दुमडतो. ही गोल पाठ म्हणजे पुढच्या प्रत्येक चांगल्या उडीचा पाया. महिनाभर काठ्याच आणि मग गुडघ्याएवढी उडी, असा संथ क्रम ज्यांनी पाळला त्यांचे घोडे टिकले.

पाण्याचा धडा तर पाहण्यासारखा असतो. क्रॉस-कंट्रीत घोड्याला पाण्यात उतरावं लागतं. पाणी किती खोल आहे हे त्याला वरून कळत नाही. शिवाय घोड्याचे डोळे बाजूला असल्याने कपाळासमोरचा थोडा भाग त्याला दिसतच नाही. काठाशी येऊन तो थबकतो, फुरफुरतो, मागे सरकतो. इथे चाबूक उगारला तर पाणी आणि मार यांची सांगड त्याच्या मनात कायमची बसते. त्यापेक्षा एखादा अनुभवी घोडा पुढे पाण्यात घालतात आणि नव्याला मागे उभं ठेवतात. पुढचा घोडा टापांनी पाणी उडवत फिरतो, परत येतो, पुन्हा जातो. नवा पाहत राहतो. शेवटी एक खूर पुढे येतो, पाणी हुंगलं जातं, आणि मग तो उतरतो, पुष्कळदा नको इतक्या मोठ्या उडीने. कळपाची जी ओढ एकटं फिरताना अडचण ठरते, तीच इथे कामी येते.

या घोड्यांच्या चिवटपणाचं उदाहरण द्यायचं तर नेव्हिल बार्डोसचं. ऑस्ट्रेलियात रेसमध्ये अपयशी ठरलेला हा घोडा बॉइड मार्टिन या स्वाराने अवघ्या 850 डॉलरना घेतला आणि पुढे आपल्याबरोबर अमेरिकेला नेला. 2010 च्या जागतिक स्पर्धेत तो दहावा आला. 2011 च्या मे महिन्याच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियातल्या त्याच्या तबेल्याला रात्री आग लागली. सहा घोडे दगावले. नेव्हिलला मार्टिनने धुरातून ओढून बाहेर काढलं तेव्हा त्याचा घसा आणि श्वासनलिका होरपळली होती. त्याला ऑक्सिजनच्या दाबपेटीत ठेवून उपचार झाले. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंग्लंडातल्या बर्ली या अत्यंत खडतर स्पर्धेत तो सातवा आला. 

मला मात्र पदकांपेक्षा ‘रिटायर्ड रेसहॉर्स प्रोजेक्ट’चा उपक्रम जास्त पटतो. दर वर्षी केंटकीत थरोब्रेड मेकओव्हर नावाची स्पर्धा भरते. नुकतेच रेसमधून आलेले घोडे घ्यायचे, साधारण दहा महिने शिकवायचे आणि दहा प्रकारांपैकी एखाद्यात उतरवायचे. त्यात ड्रेसाज, उड्या, इव्हेंटिंग, पोलो तर असतंच, पण गुरं हाकणंही असतं. 2008 साली प्रीकनेस या मोठ्या शर्यतीत तिसरा आलेला इकाबॉड क्रेन याच संस्थेच्या 2014 च्या स्पर्धेत इव्हेंटिंगचा घोडा म्हणून पहिला आला. प्रत्येक घोडा उड्यांना योग्य नसतो. त्याचा कल पाहून काम निवडायचं, ही या स्पर्धेची खरी शिकवण.

आपल्याकडे मुंबईचा रेसिंग हंगाम हिवाळ्यात आणि पुण्याचा पावसाळ्यात असतो. हंगाम संपला की मालक घोड्यांचा हिशेब करतात. महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लबसारख्या संस्थांत पिढ्यान्‌पिढ्या मुलं रेसच्या निवृत्त घोड्यांवर मांड टाकायला शिकली. पोलोलाही हे घोडे मिळाले. आणखी एक वाट आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात महत्त्वाची ठरली. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे लस-रक्तद्रव बनवण्यासाठी हाफकिन संस्थेला दिले जात. घोड्याच्या रक्तातून धनुर्वातावरचं औषध होतं, तर ते आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावालांनी 1966 साली सीरम इन्स्टिट्यूट काढली.

आज भारताचे अव्वल स्वार युरोपातल्या घोड्यांवर खेळतात. फौआद मिर्झाने 2018 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत इव्हेंटिंगचं रौप्य मिळवलं आणि पुढे टोकियो ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठली, तो सेन्योर मेडिकॉट या जर्मन घोड्यावर. 1982 च्या दिल्ली आशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी सुवर्ण जिंकलं, त्यानंतर इव्हेंटिंगमधलं वैयक्तिक पदक मिळायला 36 वर्षं लागली. परदेशी घोडा परवडणारे स्वार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. खेळ खाली रुजायचा असेल तर तो इथल्याच घोड्यांवर रुजेल, आणि इथे चांगला घोडा दर हंगामाला रेसकोर्सवरून बाहेर पडतो. कमतरता घोड्यांची नाही. त्यांना वर्षभर धीराने शिकवणाऱ्या हातांची आणि त्या वर्षाचा खर्च उचलणाऱ्याची आहे. तो खर्च घोडा विकत घेतानाच मालकाने बाजूला काढून ठेवावा आणि रेस क्लबांनी तसा नियम करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याने धावण्याची कमाई घेतली, त्याने पुढच्या शाळेची फीही भरावी.

आणि कुणी वाचक स्वस्तात मिळतोय म्हणून रेसचा घोडा घ्यायच्या विचारात असेल तर एवढं ऐकाच: घोड्याची किंमत हा सगळ्यांत लहान खर्च आहे, वैरण, नालबंद, डॉक्टर आणि सईस हा खरा. घेण्याआधी पायांचे एक्स-रे आणि कंडऱ्यांची सोनोग्राफी करून घ्या, पहिले काही महिने त्याला फक्त चरू द्या, आणि वर्ष उलटेपर्यंत कुठल्याही स्पर्धेत त्याचं नाव घालू नका.